चिलीचा विमा

"आगीला झाकण आहे का?" असं जिल्हा कचेरीतल्या बाईंनी मला फोनवर विचारलं, तेव्हाच मी मुकाट्यानं फोन ठेवून स्वयंपाकघरात जायला हवं होतं आणि गॅसवर दोन पौंड बीफ चढवायला हवं होतं. पण अभिमान आडवा आला. मी म्हणालो, "बाई, झाकण भांड्याला असतं. आगीला कुठून आणू?"

"मग ती उघडी आग झाली. पाऊस पडेपर्यंत जिल्ह्यात उघड्या आगीला बंदी आहे."

"पाऊस कधी पडेल?"

"ते आमच्या खात्याकडे येत नाही," बाई म्हणाल्या.

माझं नाव डेल्बर्ट ऑटमर्स. टेक्ससमधल्या क्रोनव्हिल गावात मी विम्याचा एजंट आहे. घराचा विमा, गाडीचा विमा, गारपिटीचा विमा. गावातली निम्मी छपरं माझ्या भरवशावर रात्री झोपतात, असं मी म्हटलं तर ती बढाई नव्हे. अशा माणसानं भर दुष्काळात, गवत कुरकुरीत वाळलेलं असताना, स्वतःच्या परसात लाकडं पेटवायची परवानगी मागावी, हे शोभत नाही हे मलाही कळत होतं. पण प्रश्न सासूबाईंचा होता, आणि सासूबाईंचा विमा कुठलीच कंपनी उतरवत नाही.

सासूबाई म्हणजे ओफेलिया कांतू; गाव त्यांना मानानं दोन्या ओफेलिया म्हणतं. त्या रविवारी त्या ऐंशी वर्षांच्या होणार होत्या. गावाच्या पलीकडच्या टोकाला एकट्या राहतात, स्वतःची गाडी स्वतः चालवतात, आणि दर रविवारी चर्चमधून थेट आमच्याकडे जेवायला येतात. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत त्यांनी आमच्या घरात कुठलाही पदार्थ दुसऱ्यांदा वाढून घेतलेला नाही. एक ताटली घेतात, ती चाटूनपुसून स्वच्छ करतात, चमचा आडवा ठेवतात आणि म्हणतात, "बरं होतं." मी त्यांच्यासाठी रात्रभर धुरावर भाजलेलं बीफ केलं. बरं होतं. मी एकदा वाइनमध्ये शिजवलेलं फ्रेंच पद्धतीचं बीफ केलं, त्यासाठी खास टोपी घातली. तेही बरं होतं. त्या दिवशी टोपीकडे मात्र त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं.

हे सहन झालं असतं, पण डब्याचं काय? सासूबाईंच्या काळ्या पर्समध्ये लोण्याचा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा असतो. सान अँतोनियोला धाकट्या मुलीकडे जेवल्या की पर्सची कडी टक्कन वाजते, डबा बाहेर येतो आणि उरलेलं त्यात भरून त्या घरी नेतात. चर्चच्या जत्रेत नेतात. एकदा दाताच्या डॉक्टरच्या मुलीच्या लग्नातून नेलं, आणि त्या लग्नाला त्यांना बोलावणंही नव्हतं. कांतू घराण्यात तो डबा बाहेर निघणं म्हणजे पदक मिळणं. आमच्याकडे मात्र ती पर्स जेवण संपेपर्यंत मांडीवर मिटलेली असते. त्या आमच्याकडे डबा आणतच नसाव्यात, असा माझा कयास होता. उगाच ओझं कोण वागवेल?

तर ऐंशीव्या वाढदिवसाला तो डबा पर्समधून बाहेर काढायचाच, असा मी निश्चय केला. आणि त्यासाठी चिली करायची ठरवली.

चिली म्हणजे आमच्याकडे वाळलेल्या मिरच्यांच्या रश्श्यात शिजवलेलं बीफ. त्यात दुसरं काहीही नसतं, आणि ते नसण्यावरच आमचा बाणा अवलंबून आहे. टोमॅटो घालणाऱ्याला आम्ही क्षमा करतो. राजमा घालणाऱ्याशी आम्ही सोयरीक करत नाही. सासूबाईंची आजी सान अँतोनियोच्या चौकात कंदिलाच्या उजेडात, मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर चिली शिजवून विकायची. सासूबाई ती गोष्ट सांगतात तेव्हा डोळे मिटतात आणि नाक किंचित वर करतात. अशा बाईंपुढे चिली ठेवायची म्हणजे गवयाच्या घरी जाऊन गाण्यासारखं होतं.

"गुरुवारची कर," माझी बायको लोरेना म्हणाली.

इथे गुरुवारची चिली काय ते सांगायला हवं. गुरुवारी लोरेनाची चर्चमध्ये गाण्याची तालीम असते, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे. ऑफिसातून आलो की वाळलेल्या रुंद मिरच्या तव्यावर नुसत्या उलटसुलट करतो. वास सुटला की लगेच उतरवायच्या, काळ्या पडल्या की कडवट होतात. बिया काढून गरम पाण्यात भिजवतो आणि वाटतो. तोवर खांद्याचं बीफ अंगठ्याच्या पेराएवढं कापून, चरबीवर चांगलं तांबूस परततो. मग लसूण, जिरं, चिमूटभर ओरेगानो, मीठ, ते वाटण, पाणी, आणि मंद आच. बाकी काही करायचं नाही. मी वर्तमानपत्र वाचतो. मांस स्वतःच्या जबाबदारीवर मऊ होतं. मुलं लहान असताना ती खायला मिळावी म्हणून गृहपाठ करायची, आणि आता दूर राहतात तरी फोनवर आधी विचारतात, आज गुरुवार ना?

"गुरुवारची?" मी म्हणालो. "ऐंशीव्या वाढदिवसाला? ती घरातली चिली आहे गं. लेंगा घालून दारात जाण्यासारखं होईल."

"आईनं लेंगे पाहिलेत," लोरेना म्हणाली.

हे बोलणं परसात चाललं होतं, आणि तिथेच घात झाला. आमच्या कुंपणापलीकडे व्हर्नन वाइडनर राहतो. तो रस्ते खात्यातून निवृत्त झाला, तेव्हापासून माझ्या कुंपणावर नोकरी करतो. सकाळी न्याहारी करून हजर होतो, दोन्ही कोपरं फळीवर ठेवतो आणि माझ्या संसाराची पाहणी करतो.

"गॅसवरची चिली?" व्हर्नन म्हणाला. "ज्या बाईची आजी निखाऱ्यावर शिजवायची तिला? डेल्बर्ट, तू तिला एखादा डबाबंद पदार्थच का नाही देत?"

"मग काय करू?"

"लाकडं. ओकची. आणि लोखंडी भांडं. माझ्या आजोबांचं तीन पायांचं भांडं आहे ना."

व्हर्ननच्या आजोबांच्या भांड्यात दर हिवाळ्यात डुकराची चरबी कढवत, नंतर त्यातच साबण करत, आणि गेली काही वर्षं त्यात व्हर्ननच्या बायकोची जांभळी फुलं उगवत होती. फुलांची बदली करून, माती काढून, तारेच्या घासणीनं ते भांडं घासण्यात माझा शनिवार गेला. कुंपणावरून व्हर्नन देखरेख करत होता. भांड्याच्या तळाशी त्याच्या आजोबांच्या काळातलं काहीतरी चिकटलेलं होतं. ते राहू दे, तीच तर चव आहे, असं तो म्हणाला. मी ते काढलं.

आता त्या भांड्यात दोन पौंड बीफ टाकलं तर ते शोधायला टॉर्च लागली असती. व्हर्ननच्या मते तीस पौंडांखाली ते भांडं पेटवणं हा त्याच्या आजोबांचा अपमान होता. म्हणून तीस पौंड बीफ आलं. तीस पौंड बीफ तीन माणसांना संपत नाही, म्हणून गल्लीतल्या लोकांना बोलावलं. वाढदिवस सासूबाईंचा, भांडं व्हर्ननचं, पाहुणे गल्लीचे; माझं म्हणून त्यात फक्त बीफ उरलं होतं. आणि परवानगी.

कचेरीतल्या बाईंशी मी आणखी दोनदा बोललो. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की जाळी असलेल्या बंद शेगडीला हरकत नाही, कारण तिला झाकण असतं. मी म्हटलं, माझ्या भांड्याला पाय आहेत. बाई म्हणाल्या, पायांबद्दल नियमात काही नाही. दुसऱ्यांदा मात्र त्यांना माझी दया आली असावी. "तुमच्या गावातलं अग्निशमन दल बंब घेऊन शेजारी उभं राहिलं तर चालेल," त्या म्हणाल्या. "आणि साहेब, वाऱ्याकडे लक्ष ठेवा. कोण येतंय जेवायला?"

"सासूबाई," मी म्हणालो.

"अरे देवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझी परवानगी लगेच मंजूर केली.

आमचं अग्निशमन दल हौशी आहे, म्हणजे एरवी ते सगळे दुसरं काहीतरी असतात. त्यांचा प्रमुख रॉइस टीग न्हावी आहे. माझे केस तोच कापतो, आणि त्याच्या दुकानाचा विमा माझ्याकडे आहे, त्यामुळे आमचं नातं विश्वासाचं आहे. "उभे राहू की, साहेब," तो माझ्या मानेमागून म्हणाला. "पण दलाला उपाशीपोटी उभं राहता येत नाही. नियम आहे."

"कुठला नियम?"

"आमचाच आहे," रॉइस म्हणाला आणि वस्तरा मानेवर टेकवला. मी नियम मान्य केला.

रविवारी सकाळी मी बीफ कापायला बसलो. कापता कापता माझ्यातला एजंट जागा झाला. आयुष्यभर मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलोय: वाईट होणार नाही असं धरून चाला, पण झालंच तर सोय असू द्या. आणि मी स्वतः तीस पौंड बीफ आणि एक सासू असा सगळा ऐवज एकाच भांड्यात टाकून बसलो होतो. माझ्या धंद्याला हे न शोभणारं होतं. मग मी काय केलं, त्यातलं दोन पौंड बाजूला काढलं, आणि लोरेना आंघोळीला गेलेली पाहून मागच्या शेगडीवर लहान पातेल्यात गुरुवारची चिली चढवली. आच अगदी मंद केली, झाकण ठेवलं. कुणाला बोललो नाही. आपल्याला धास्ती वाटते हे ग्राहकाला कळू द्यायचं नसतं, आणि व्हर्ननला तर नाहीच नाही.

मग मी बाहेर गेलो, लाकडं पेटवली आणि त्या पातेल्याला साफ विसरलो.

लाल बंब आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि गल्लीतले फोन वाजू लागले. विमा एजंटच्या दारात बंब, परसातून धूर, यावर लोकांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला. मला फोन आले. "डेल्बर्ट, घर गेलं का रे?" एकानं तर विचारलं, "तुझा स्वतःचा विमा होता ना?" त्या आवाजात चिंता कमी आणि उत्सुकता जास्त होती. घर जागेवर आहे आणि आत चिली होतेय हे कळल्यावर त्यांचा विरस झाला असेल, पण कुणी घरी बसलं नाही. घडीच्या खुर्च्या आल्या, बर्फाच्या चहाचे जग आले, पिकानच्या झाडाखाली डॉमिनोचा डाव मांडला गेला. पलीकडच्या घरातली मेडेल श्रोडर दालचिनीचे गोड रोल घेऊन आली. मेडेल मूळची नेब्रास्काची, तिकडे चिलीबरोबर गोड रोल खातात. ती आमच्यात इतकी वर्षं राहिली, पण त्या बाबतीत सुधारली नाही. बाई सोन्यासारखी आहे म्हणून गल्ली सांभाळून घेते.

"कॉफी घातलीस का?" व्हर्नन भांड्यात डोकावत म्हणाला.

"नाही."

"अर्धा कप घाल. त्याशिवाय रंग येत नाही."

"बीअर घाला, साहेब," रॉइस बंबाच्या पायरीवरून म्हणाला. "मांस लवकर शिजतं."

"थोडा राजमा असता तर—" मेडेल बोलू लागली, आणि झाडाखाली डॉमिनोचा डाव थांबला. "मी नुसतं म्हटलं," ती म्हणाली.

मी कुणाचं ऐकलं नाही. एवढं मोठं लाकडी उलथणं हातात असलं की माणसाला एक अधिकार येतो.

इतक्यात सासूबाई आल्या. त्यांनी गाडी बंबाच्या मागे लावली, बंबाकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चर्चचा निळा पोशाख, मोत्याचे डूल, हातात काळी पर्स. "घर शाबूत आहे?" त्यांनी लोरेनाला विचारलं. मग खुर्ची थेट आगीजवळ ओढली, पर्स मांडीवर ठेवली आणि बसल्या. ओकच्या धुराकडे त्यांनी नाक किंचित वर केलं. व्हर्ननचं बरोबर होतं, मला वाटलं. शेवटी लाकडंच लागतात.

आणि वारा उठला. आमच्याकडे उत्तरेचा वारा सांगून येत नाही. आत्ता घाम पुसत असतो, आणि पुढच्या क्षणी कुणाची तरी टोपी कुंपणावरून उडते. या वेळी टोपी उडाली नाही, पेटली. एक ठिणगी तरंगत गेली आणि व्हर्ननच्या गवती टोपीवर बसली. व्हर्नन त्या वेळी मला आच कशी सांभाळायची ते सांगत होता. टोपीतून बारीक धूर निघू लागला तरी तो बोलतच होता.

"विझवा," रॉइस म्हणाला. तो एरवी मऊ बोलतो, पण त्या क्षणी तो न्हावी नव्हता.

"अरे, पण मांस अजून कच्चं आहे," मी म्हणालो.

"साहेब, बाजूला व्हा."

हौशी दलाला वर्षातून दोन-तीनदाच पाणी सोडायला मिळतं, त्यामुळे ते मनापासून सोडतात. आधी व्हर्नन विझला. मग नळीचं तोंड आगीकडे वळलं, आणि माझी तीस पौंडांची चिली आता धुऊन जाणार हे मला दिसलं, पण मी उलथणं धरून तिथेच उभा राहिलो. हलल्या त्या सासूबाई. त्यांनी शेजारच्या टेबलावरचं लोखंडी झाकण उचललं आणि भांड्यावर दाणकन ठेवलं. निळ्या पोशाखावर राखेचं पाणी उडालं. आग फसफसून विझली. काळ्या चिखलात तीन पाय रोवून भांडं उभं होतं.

खुर्च्यांवर सगळी गल्ली हातात रिकाम्या ताटल्या घेऊन बसली होती. मी झाकण उचलून एक तुकडा चावून पाहिला. तो चावला जात नव्हता. गावात कुणाचंही नुकसान झालं की मी लगेच दोन धीराचे शब्द बोलतो, ते शब्द मला पाठ आहेत. त्यातला एकही मला आठवला नाही. मी उलथणं खाली ठेवलं. सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस मी पाण्यात घातला होता, तोही सरकारी पाण्यात.

"माझ्या आजीची आगसुद्धा अशाच टोपीवाल्यांनी विझवली होती," सासूबाई म्हणाल्या. त्या रॉइसकडे पाहत होत्या. "चौकातून उठवलं तिला. स्वच्छता नाही म्हणाले."

रॉइसनं हेल्मेट काढून हातात घेतलं. "दोन्या ओफेलिया, आमचा तसा काही—"

"तू बरोबर केलंस. वारा आहे. मी आजीचं सांगतेय." त्यांनी पोशाखावरची राख झटकली. "ती काही चौकात रडत बसली नाही. भांडं उचलून घरात गेली. आग विझली म्हणून स्वयंपाक थांबतो होय? मेडेल, तुझ्या घरी मोठं पातेलं आहे?"

मेडेलकडे होतं. व्हर्ननकडे होतं. बंबाच्या ठाण्यातल्या स्वयंपाकघरात तर सगळ्यात मोठं होतं. चिली तीन ठिकाणी वाटली गेली, आणि दल, शेजारी आणि डॉमिनोवाले मिळून ती पातेली घेऊन तीन दिशांना गेले. "नुसती मंद आचेवर ठेवा," मी प्रत्येकाला बजावलं. "त्यात काही घालायचं नाही." प्रत्येकानं मान हलवली. विम्याच्या अटी वाचून दाखवताना लोक जशी मान हलवतात तशीच ती होती, आणि मी ते ओळखायला हवं होतं.

दुपार उताराला लागली तेव्हा पातेली परत आली. मी पहिलं झाकण उचललं. व्हर्ननच्या चिलीचा रंग त्याच्या भिजलेल्या टोपीसारखा झाला होता.

"कॉफी," मी म्हणालो.

"अर्धा कप," व्हर्नन म्हणाला. "किंवा थोडी जास्त. आणि चॉकलेटची एक वडी. तुझ्या भल्यासाठीच, डेल्बर्ट."

रॉइसच्या पातेल्यात फेस होता. तो म्हणाला की दलानं चर्चा केली आणि एकमतानं बीअर घातली. मग मेडेलनं तिचं पातेलं टेबलावर ठेवलं, आणि ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी झाकण उचललं. लाल रश्श्यातून राजम्याचे दाणे वर डोकावत होते. व्हर्ननला टोपी उरली नव्हती, तरी त्याचा हात डोक्याकडे गेला. खुद्द कांतूंच्या मुलीच्या घरात, वाढदिवसाच्या टेबलावर, राजमा.

"थोडाच घातलाय," मेडेल हळूच म्हणाली. "मांस एकटं एकटं दिसत होतं."

सासूबाईंनी चमचा मागवला. सगळी गल्ली टेबलाभोवती जमली. व्हर्ननच्या पातेल्यातला एक चमचा त्यांनी तोंडात घेतला, थांबल्या. "झोप येत असेल तेव्हा चांगली," म्हणाल्या. बीअरवालीचा चमचा घेतला. "दलातल्या कुणाला आज बंब चालवू देऊ नका." मग मेडेलचा. मेडेलनं ओठ घट्ट मिटले होते. सासूबाईंनी सावकाश चावलं आणि तिच्या हातावर हात ठेवला. "पोरी, हे चवदार आहे. हे काय आहे ते मला माहीत नाही, पण चवदार आहे." मेडेलचा चेहरा असा खुलला की पुढे राजम्याबद्दल बोलायची कुणाची हिंमत झाली नाही. नंतर दलानं ते पातेलं गोड रोलसकट तळापर्यंत रिकामं केलं. बंबाच्या आडोशाला बसून केलं, म्हणजे बाणाही शाबूत राहिला.

पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी हिशेब करत होतो: तीन चमचे, तीन शेरे, आणि पर्स अजून मिटलेली. त्या आता चमचा आडवा ठेवतील आणि म्हणतील, बरं होतं.

सासूबाईंनी चमचा आडवा ठेवला नाही. त्यांनी मान घराकडे वळवली आणि नाक किंचित वर केलं. "आत काय शिजतंय?"

"काही नाही," लोरेना म्हणाली. "भात झाला, टॉर्टिया झाल्या..." आणि ती माझ्याकडे पाहून थांबली. माझं तोंड उघडं राहिलं असावं.

सासूबाई उठून आत गेल्या. मी मागोमाग धावलो, पण स्वयंपाकघरात शिरेपर्यंत त्यांनी मागच्या शेगडीवरचं झाकण उचललं होतं. सकाळपासून त्या पातेल्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, कुणी ढवळलं नव्हतं, कुणी त्याला सल्ला दिला नव्हता. रस्सा दाट होऊन गडद विटकरी झाला होता, वर चरबीचा लाल तवंग आला होता. चमचा लावला तसा मांसाचा तुकडा आपणहून दुभंगला. सासूबाईंनी तिथेच शेगडीशी उभ्यानं चाखलं. मग कपाटातून ताटली घेतली, वाढून घेतली, स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी बसल्या आणि खाऊ लागल्या. खिडकीबाहेर व्हर्नन आणि अर्धं दल काचेला नाक लावून उभं होतं.

ताटली संपली. त्या उठल्या आणि परत पातेल्याकडे गेल्या.

दुसऱ्यांदा. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, खिडकीबाहेर साक्षीदार आहेत. पंचवीस वर्षांनी माझ्या घरात दोन्या ओफेलिया कांतू यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझी छाती इतकी फुगली की एप्रनची गाठ सुटली, आणि मला ते सांगायला अजिबात लाज वाटत नाही.

"ही कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो. "म्हणजे, ती काही विशेष नाही. ती गुरुवारची आहे."

"आज रविवार आहे."

"गुरुवारी करतो ती हो. लोरेनाची तालीम असते तेव्हा. मुलांसाठी, आमच्यासाठी. घरच्यांची चिली आहे, म्हणून तुमच्यापुढे कधी—"

"घरच्यांची," सासूबाई म्हणाल्या. चमचा हवेतच राहिला. "आणि मी कोण आहे?"

मी विम्याचा माणूस आहे. अडचणीच्या प्रश्नांवर माझी रोजीरोटी चालते. या प्रश्नावर मात्र मी एप्रनची सुटलेली गाठ बांधायला घेतली.

"पंचवीस वर्षं हा मला पाहुण्यांचं जेवण घालतोय," त्या लोरेनाला म्हणाल्या. "दर रविवारी नवीन थाट. एकदा तर टोपी घालून आला. मी म्हणायचे, या घरात हे लोक रोज खातात तरी काय? ते मला कधी कुणी वाढलंच नाही."

"आई, मी त्याला सांगितलं होतं," लोरेना म्हणाली. नवऱ्याची बाजू घ्यायची तिची हीच पद्धत आहे.

सासूबाईंनी ताटली टॉर्टियाच्या तुकड्यानं पुसली. मग खुर्चीला अडकवलेली पर्स मांडीवर घेतली आणि टक्कन कडी वाजली. आतून लोण्याचा डबा निघाला. झाकणावरचं फूल पुसून पांढरं झालं होतं, कडेला एक चीर गेलेली.

"तुम्ही डबा आणला होता?" मी विचारलं.

"दर रविवारी आणते," सासूबाई म्हणाल्या. "आणि दर रविवारी रिकामा परत नेते. काठोकाठ भर. चीर आहे तिकडून जपून."

मी डबा भरला. आयुष्यात एवढ्या काळजीनं मी कशावर सहीसुद्धा केली नसेल. खिडकीबाहेरून व्हर्नन काहीतरी खुणा करत होता; बहुधा कॉफीबद्दल असावं. मी पडदा ओढला. सासूबाईंनी झाकण चारी बाजूंनी दाबून बसवलं, डबा पर्समध्ये उभा ठेवला आणि कडी लावली.

"डबा धुऊन परत आणते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी."